मागची पिवळ्या ड्रेसवाली

*ताई,*

*मी २७ वर्षांची, लातूरकडची. चार वर्षं झाली, पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतेय. संयुक्त गट-ब ची मुख्य परीक्षा या वेळी अडीच गुणांनी गेली. माझी रूममेट एसटीआय, म्हणजे राज्य कर निरीक्षक झाली. तिच्या गावात मिरवणूक होती, तिने हट्टाने बोलावलं म्हणून गेले. डीजे, जेसीबीतून गुलाल, सगळं झालं. त्याचा रील तिने टाकला आणि तो एवढा चालला की नऊ लाख लोकांनी पाहिला. त्यात दोन सेकंद मी दिसते, तिच्या मागे टाळ्या वाजवताना. खाली कोणीतरी लिहिलंय, ‘मागची पिवळ्या ड्रेसवाली बघा कशी जळतेय’. त्याला ३१२ लाइक आहेत.*

*मी तो रील चाळीस-पन्नास वेळा तरी बघितला असेल. थांबवून थांबवून, स्वतःचाच चेहरा. आता मलाच कळेना मी खरंच जळत होते का. अभ्यासिकेत जायला नको वाटतं, सगळ्यांनी पाहिलं असेल. फोन उघडला की कोणाची निवड, कोणाचा सत्कार, कोणाचं ‘दिवसाला चौदा तास’. मागे पडले असं नाही वाटत, मी कोणीच नाही असं वाटतं. परवा तर सकाळी उठूच नये वाटलं. आमचे अण्णा तोच रील स्टेटसला ठेवून बसलेत, त्यांना काय कळतंय. रूममेटला मी काही बोलले नाही. इन्स्टा डिलीट करू का? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.*

*– पिवळा ड्रेस*

प्रिय मुली,

तू सहीला जे नाव घेतलंयस ते मी वापरणार नाही. ते त्या कमेंटवाल्याने ठेवलेलं आहे.

आधी तुझ्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलू. ‘सकाळी उठूच नये वाटलं.’ चौदा तासवाले आणि अण्णांचं स्टेटस यांच्या मधे ते तू घाईघाईत टाकून दिलंस, घर झाडताना कचरा सतरंजीखाली सारावा तसं. एखाद्या सकाळी असं वाटणं वेगळं आणि रोज वाटणं वेगळं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, दोन आठवड्यांत एकाही गोष्टीत मन लागलं नसेल, किंवा ‘उठू नये’चं हळूहळू ‘असूच नये’ होत असेल, तर माझ्या उत्तराच्या भरवशावर राहू नकोस. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्री तीनलाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पण आपल्याकडे जेसीबी कुठे भाड्याने मिळतो हे जितक्यांना ठाऊक असतं तितक्यांना हा नंबर ठाऊक नसतो. आत्ता फोनमध्ये सेव्ह कर. मग पुढचं वाच. मी थांबते.

केलास? बरं.

आता तू जे खरं विचारलंयस ते. इन्स्टा डिलीट करू का, हे तू शेवटी विचारलंस. पण पत्रभर विचारतेयस ते ‘मी जळत होते का’ हेच.

होतीस गं, थोडी असशीलच. अडीच गुणांनी गेलेलं माणूस, ज्या खोलीत दोघींनी एकाच लॅम्पखाली पॉलिटी वाचली त्या खोलीतल्या मुलीवर गुलाल पडताना बघतंय आणि आत काहीच हललं नाही, असं तू लिहिलं असतंस तर मला जास्त काळजी वाटली असती. पण त्याच वेळी तू टाळ्याही वाजवत होतीस. एसटीची रात्र काढून तिच्या गावी गेली होतीस. निकालानंतर आठवडाभरही झाला नसेल. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच क्षणी असतात आणि त्यात खोटं काहीही नसतं.

१९८६ साली माझ्या धाकट्या बहिणीला बँकेत नोकरी लागली. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, दोनदा तीच परीक्षा देऊन घरी बसलेली. वाड्यात पेढे वाटायचं काम माझ्याकडे आलं, मोठी म्हणून. पहिल्या तीन बिऱ्हाडांत मी हसून पेढे दिले. चौथ्या दारात गोडबोले काकू म्हणाल्या, “आणि तुझं काय गं?” त्यानंतर माझा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना मला आहे, पण पुरावा नाही. काकूंनी पेढा तोंडात टाकला आणि दार लावून घेतलं. तो चेहरा तिथेच, त्या जिन्यात संपला. बहिणीला आजवर माहीत नाही. (आता कळेल. ती हे सदर वाचते.)

तुझा चेहरा जिन्यात संपला नाही, एवढाच फरक. कपाळावर आठी, डोळ्यांत ऊन, कदाचित डीजेच्या आवाजाने दुखणारं डोकं, असे दोन सेकंद कोणीतरी टिपले, हळू गतीत चालवले, वर गाणं चढवलं आणि नऊ लाख लोकांच्या हातात दिले. चालत्या व्हिडिओत कोणालाही मधेच थांबवून बघ, चांगलं देखणं माणूससुद्धा शिंक येणार असल्यासारखं दिसतं. तू स्वतःला पन्नास वेळा तसंच थांबवून पाहिलंस आणि मग त्या थांबलेल्या चेहऱ्याला विचारलंस की खरं सांग. तो काय सांगणार!

आता ती कमेंट. ३१२ लाइक. तू स्पर्धा परीक्षेची गणितं करणारी, चल हिशेब करू. कमेंट वाचायला आणि अंगठा टेकवायला माणशी एक सेकंद धर. कोणी बसच्या रांगेत असेल, कोणी न्हाणीघराच्या बाहेर नंबर लावून. ३१२ सेकंद, म्हणजे पाच मिनिटं बारा सेकंद. सगळ्यांनी मिळून तुझ्या चेहऱ्याबद्दल मत बनवायला घालवलेला एकूण वेळ हा एवढा. पुढच्या रीलमध्ये एखादं मांजर आलं असेल आणि ते तुला विसरले. तू मात्र त्या पाच मिनिटांवर किती रात्री घालवल्यास? आणि तू तो रील पुन्हा पुन्हा लावतेस तेव्हा त्या ॲपला तुझं दुःख कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच की या मुलीला मिरवणुकीचे रील आवडतात, आणखी दाखवा. मग ते आणखी दाखवतं. तुझ्या फोनवर निवडींचा आणि सत्कारांचा जो पूर आलाय, त्यातलं निम्मं पाणी तुझ्याच नळाचं आहे.

लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. आपण कसे आहोत हे मोजायला पट्टी नसली की माणूस दुसऱ्या माणसांकडे बघून स्वतःला मोजतं, आणि त्यासाठी तो आपल्यासारखीच माणसं निवडतो. फार वरच्याशी किंवा फार खालच्याशी तुलना करत नाही. म्हणूनच मुंबईतल्या कुठल्या उद्योगपतीच्या घरच्या लग्नाचे फोटो बघून तुला काही होत नाही, आणि शेजारच्या कॉटवरची मुलगी एसटीआय झाली की होतं. १९५४ मध्ये शेजारची कॉट एकच असायची. फोनने काय केलं, तर अख्ख्या महाराष्ट्रातल्या कॉट आणून तुझ्या कॉटला चिकटवल्या. चांदवडची मुलगी, जतचा मुलगा, वाशिमची दोन लेकरांची आई, सगळे तुझ्यासारखेच. कोणाचे वडील शेतकरी, कोणाचा तिसरा अटेम्प्ट. तुलनेला यांच्याइतकी बरोबर माणसं दुसरी मिळणार नाहीत, म्हणून तर ते इतकं लागतं.

फक्त ही जी माणसं तुझ्यापर्यंत येतात ती सगळी झालेली असतात. तुला अपूर्णांक सांगायला नकोत. फोनवर अंश दिसतो, छेद दिसत नाही. गट-ब च्या काही शे जागांसाठी लाखांनी अर्ज येतात हे तुला जाहिरातीच्या नंबरासकट पाठ असेल. ज्यांचं झालं नाही त्यांचा रील कधी पाहिलायस? ‘अडीच गुणांनी गेलं, आज मेसमध्ये वांग्याची भाजी होती, जेवून झोपले’ असा रील कोण टाकेल? टाकला तर कोण बघेल? मग तुझ्या अभ्यासिकेत जा, जायला नको वाटतंय तरी जा, आणि खुर्च्या मोज. या निकालात त्यातल्या किती खुर्च्या रिकाम्या झाल्या? एक? दोन? बाकीच्या खुर्च्यांवर जे बसलेत तो तुझा छेद. पाण्याची बाटली, उशी केलेलं जॅकेट, टेबलावर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी. त्यांच्यातल्या बहुतेकांनी तो रील पाहिला असेल तर नजर वर मिरवणुकीकडे होती, कारण प्रत्येकजण तिथे स्वतःला शोधत होता. मागे कोण उभं होतं हे बघायला फुरसत कोणाला!

यातलीच आणखी एक गंमत. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये दाखवलं की बहुतेक माणसांना आपल्यापेक्षा आपल्या मित्रांचे मित्र जास्त असल्याचं दिसतं. आपण कमी पडतो म्हणून तसं दिसत नाही. ज्यांचे मित्र खूप असतात ते खूप जणांच्या यादीत येतात, ज्यांचे कमी ते कमी याद्यांत येतात, म्हणून प्रत्येकाच्या यादीत भारी माणसांची भरती जास्त होते. रीलचं तसंच. चालणारा रील सगळ्यांकडे जातो, न चालणारा टाकणाऱ्याच्या मावशीकडे. ‘सगळ्यांचं काहीतरी होतंय’ हे जे तुला वाटतं, तो मोजणीतला घोळ आहे. तुझ्या लायकीचा त्यात संबंध नाही.

आता तुला वाटेल ताई म्हणणार, सगळा दोष फोनचा. तसं सरसकट म्हणायला मी धजत नाही. ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती चाळली. मुलांना बरं-वाईट वाटण्यात जो फरक पडतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग स्क्रीनच्या वापराशी जोडता येतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे नगण्य. दुसरीकडे २०२१ मध्ये फेसबुकचे स्वतःचे आतले कागद बाहेर आले. स्वतःच्या शरीराबद्दल आधीच खंत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीची खंत इन्स्टाग्राममुळे वाढते, हे कंपनीला माहीत होतं, असं त्यांत होतं. मला या दोन्हींत भांडण दिसत नाही. जिल्ह्यात पाऊस सरासरीइतकाच झाला म्हणून ज्याच्या खोलीत पाणी शिरलं त्याची गादी वाळत नाही. तुझी गादी भिजलीय. तेव्हा सरासरी बाजूला ठेवू आणि तुझं बघू.

डिलीट करू नकोस. निदान रागाच्या भरात नको. तू खातं उडवशील, चार दिवस शांत वाटेल, पाचव्या दिवशी ‘ती कमेंट अजून आहे का’ हे बघायला मैत्रिणीचा फोन मागशील. शिवाय तू ज्या टेलिग्राम ग्रुपवरून चालू घडामोडींच्या पीडीएफ घेतेस तेही फोनवरच आहेत, संन्यास घेऊन तुझं भागणार नाही. फक्त इन्स्टाचं ॲप काढ. खातं राहू दे. बघायचंच असेल तर ब्राउझर उघड, पासवर्ड टाक, मग बघ. अंगठ्याची सवय पासवर्डाला कंटाळते. मेसच्या ताटाला तळ असतो, पोळी संपली की माणूस उठतं. या रीलच्या ताटाला तळच ठेवलेला नाही. ही न संपणाऱ्या पानाची युक्ती अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने २००६ मध्ये काढली आणि पुढे त्याचं त्यालाच वाईट वाटलं, असं तोच सांगतो. तळ आपला आपण घालावा लागतो.

किती ठेवायचं? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट यांनी १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, तो २०१८ मध्ये छापून आला. अर्ध्यांना सांगितलं, फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटं, त्यापुढे नाही. तीन आठवड्यांत त्यांचा एकटेपणा कमी झाला, आणि जे सुरुवातीला जास्त खचलेले होते त्यांची उदासीही उतरली. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडली. ज्यांना काहीच बंधन नव्हतं, फक्त फोनच्या वापराचे स्क्रीनशॉट पाठवायचे होते, त्यांचीही धास्ती थोडी घटली. नुसतं बघितलं की आपण किती बघतो, एवढ्यानेच. तू तर वहीची माणूस आहेस. रिव्हिजनच्या तक्त्याशेजारी एक रकाना आख आणि रात्री आकडा लिही. स्वतःला शिव्या देऊ नकोस, नुसता आकडा.

आणि खोलीतल्या बाकीच्या मुलींना विचार. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून त्यांनी ठरवलं, रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठपर्यंत. एकट्याने फोन ठेवला की काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. सगळ्यांनी ठेवला की चुकायला काही उरतच नाही. तुमच्या खोलीला भोंगा नको, मेसला जाताना फोन कॉटवर ठेवून जा, पुरे झालं. पहिल्या दिवशी गप्पा निघणार नाहीत. भाजीला नावं ठेवण्यापासून सुरुवात करा.

तुझी म्हणून एक खास खोड मला पत्रातून कळली, ती मलाही आहे. हे सदर छापून आलं की दुसऱ्या दिवशी खाली कोण काय म्हणालं ते मी चष्मा लावून वाचते. चाळीस जणांनी बरं लिहिलेलं असतं. एकाने विचारलेलं असतं, “बाई, तुमचा स्वतःचा संसार नीट चाललाय का?” दिवसभर मी मनात त्या एकालाच उत्तरं देत असते, आणि फार मुद्देसूद देते. साठी उलटली तरी हे सुटलेलं नाही, तेव्हा तुला सत्ताविसाव्या वर्षी ‘दुर्लक्ष कर’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. दुर्लक्ष होत नसतं. म्हणून ती कमेंट उडालेलीच बरी.

आणि ती उडवणं तुझ्या हातात नसलं तरी तुझ्या मैत्रिणीच्या हातात आहे. रील तिचा, त्याखालची कुठलीही कमेंट ती काढू शकते, दोन बोटांचं काम. तू तिला सांगितलंच नाहीस. का, ते मला कळतं. सांगितलं तर ‘म्हणजे खरंच जळत होती’ असं तिला वाटेल, अशी भीती. पण विचार कर, चार वर्षं जी तुझ्या शेजारी झोपली, जिने तापात तुझा डबा आणला असेल, तिने ती कमेंट वाचलीच नसेल असं नाही. वाचली असेल आणि तुझ्याशी काय बोलावं हे न सुचून गप्प बसली असेल. जिंकलेल्या माणसालाही हरलेल्या मैत्रिणीशी बोलायला जमत नाही. तिकडे तीही फोन हातात घेऊन बसली असेल.

मेसेज नको, फोन कर. अभिनंदन पुन्हा करू नकोस, ते झालंय. सफाई देऊ नकोस, आपण जळत नव्हतो हे पटवायला जाऊ नकोस. म्हण, “अगं, तुझ्या रीलखाली माझ्याबद्दल एक कमेंट आहे, ती मला फार लागलीय. काढशील का?” एवढंच. आणि त्यानंतर तुला रडू आलं तर येऊ दे, ती काही गोडबोले काकू नाही.

अजून किती अटेम्प्ट द्यायचे, प्लॅन बी काय, यावर मी आज काही लिहीत नाही. तू विचारलंही नाहीस, आणि चार वर्षांचा प्रश्न एका कमेंटच्या आठवड्यात सोडवायला बसू नये. डोकं जागेवर आलं की वेगळं पत्र लिही.

राहता राहिले अण्णा. त्यांना काय कळतंय, असं तू लिहिलंस. मी ते वाक्य दोनदा वाचलं. एसटीआय झालेली मुलगी त्यांची कोणी लागत नाही. तिच्या गावाशी त्यांचा संबंध नाही. गुलाल त्यांच्या दारात पडलेला नाही. मग हा माणूस तो रील स्वतःच्या स्टेटसला का ठेवतो? त्यात त्यांना कोण दिसतं? स्टेटस चोवीस तासांत जातं, तू लिहितेस की ‘ठेवून बसलेत’, म्हणजे ते रोज नव्याने ठेवत असणार. मैत्रिणीला फोन करून झाला की त्यांना एक लाव आणि विचार.